ऑल-माउंटन स्की कोणती घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात. कुठली स्की घेऊ, किती रुंद, किती लांब, सेल लागलाय तर घेऊन टाकू का. उत्तरं तुटक तुटक दिली जातात आणि आठवड्याभरात वर सरकून हरवतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितेय. मी सिॲटलच्या बाजूला राहते त्यामुळे इथल्या बर्फाबद्दल थोडं जास्त येईल, पण ईस्ट कोस्ट, कोलोराडो, आल्प्स, गुलमर्ग हे पण घेतलंय. एक गोष्ट आधीच सांगते कारण खालची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: स्की घ्यायची ती तुमच्या सीझनमधले जास्तीत जास्त दिवस ज्या बर्फावर जातात त्याच्यासाठी आणि तुमच्या स्वतःच्या वजनासाठी. वर्षातून एकदा पडणाऱ्या भन्नाट पावडरसाठी, म्हणजे ताज्या, खोल, न उकरलेल्या बर्फासाठी नाही, आणि यूट्यूबवरच्या सहा फुटी माणसासाठी तर नाहीच.

ऑल-माउंटन म्हणजे नक्की कुठली स्की?

ग्रूम केलेल्या, म्हणजे मशीनने सपाट केलेल्या रनवर नीट चालते, रनच्या कडेला साचलेल्या मऊ बर्फात पण जाते, मोगल्समध्ये, म्हणजे बर्फाच्या उंचवट्यांमध्ये फार त्रास देत नाही आणि दुपारी सगळं उकरून खड्डे-ढिगारे झाले की त्यातूनही घरी आणते, अशी स्की. आकड्यात सांगायचं तर पायाखालची रुंदी, म्हणजे वेस्ट, साधारण ८० ते १०५ मिलिमीटर. ८० च्या खाली गेलात की त्या कार्व्हिंगच्या, म्हणजे धारेवर वळण कापत जाण्याच्या स्की, कडक बर्फावर एकदम मस्त पण मऊ बर्फात बुडतात. १०५ च्या वर पावडरवाल्या. स्कीवर १३०-९६-११६ असे तीन आकडे लिहिलेले असतात, पहिला टीपचा म्हणजे पुढच्या टोकाचा, मधला वेस्टचा, शेवटचा टेलचा म्हणजे मागच्या टोकाचा. दुकानात गेल्यावर आधी मधला आकडा बघायचा.

पण ८० आणि १०५ ही दोन्ही टोकं एकाच नावाखाली विकली जातात हे लक्षात ठेवा. ८४ ची ऑल-माउंटन आणि १०४ ची ऑल-माउंटन यांच्यात इतका फरक आहे की एक आवडणाऱ्याला दुसरी अजिबात आवडणार नाही असं होऊ शकतं.

मग रुंदी किती घेऊ? सगळे म्हणतात १०० घे, सगळीकडे चालते.

सगळीकडे चालते हे खरंय, पण कशी चालते ते बघा ना. कडक बर्फावर वळताना तुम्ही स्की तिच्या आतल्या एजवर, म्हणजे कडेच्या पोलादी धारेवर उभी करता. स्की जितकी रुंद तितकी ती एज तुमच्या पायाच्या मधल्या रेषेपासून लांब, म्हणजे तेवढाच कोन करायला घोट्याला आणि गुडघ्याला जास्त जोर लावावा लागतो आणि एका एजवरून दुसऱ्या एजवर जायला वेळही जास्त लागतो. दिवसभर कडक रनवर १०० ची स्की चालवली की संध्याकाळी गुडघे बोलायला लागतात, विशेषतः चाळिशीनंतर. उलट मऊ बर्फात रुंदी हवीच कारण वजन जास्त जागेवर पसरतं आणि स्की वर तरंगते.

माझं स्पष्ट मत असं की आपल्यातले बरेच जण गरजेपेक्षा एक साइझ रुंद घेतात. वीकेंडला रिसॉर्टवर जाणारा, लिफ्टच्या लाइनीत उभा राहून दिवसाला दहा-बारा रन करणारा, त्यातले आठ ग्रूम केलेले, अशा माणसाला ८६ ते ९२ मध्ये जास्त मजा येते. आणि हो, स्किइंग सुधारतंही जास्त लवकर, कारण एजवर जाणं सोपं पडतं.

मी न्यू जर्सीत आहे, पोकोनोज आणि वर्षातून एक-दोनदा व्हर्मॉंट. काय घेऊ?

८० ते ९०. यात फार विचार करू नका. तिकडे बराचसा बर्फ मशीनचा असतो, रात्री स्नोगन चालतात, त्यात मध्येच पाऊस पडतो, पुन्हा गोठतं, आणि सकाळी जे मिळतं त्यामुळे तिकडचे लोक ईस्ट कोस्टला प्रेमाने आइस कोस्ट म्हणतात. या बर्फाला एज-ग्रिप लागते बाकी काही नाही. ग्रिप येते कमी रुंदीतून, पायाखालच्या कॅम्बरमधून (कॅम्बर आणि रॉकर काय ते खाली लिहिलंय), आणि स्की आडवी पिळली न जाण्यातून. ओला टॉवेल आपण दोन टोकं धरून पिळतो तशी कडक बर्फावर स्कीची टीप आणि टेल पिळली जाते, आणि जी स्की पिळवटून घेत नाही ती बर्फाला धरून राहते. म्हणून ईस्टला थोडा मेटल असलेली स्की बरी, तुमचं वजन फार कमी नसेल तर.

व्हर्मॉंटमधल्या स्टो किंवा किलिंग्टनला चांगला स्नो पडला आणि तुम्ही नेमके तिथे असलात तर त्या दिवशी ८८ वर पण छान स्किइंग होतं. फारच झाला तर त्या एका दिवसापुरती रुंद जोडी दुकानातून डेमो घ्या, म्हणजे चालवून बघायला भाड्याने.

टोरोंटोवाल्यांनी ब्लू माउंटनसाठी हेच उत्तर धरावं.

सिॲटल किंवा बे एरियासाठी?

इथे गोष्ट वेगळी आहे. कॅस्केड्स आणि सिएरामध्ये बर्फ खूप पडतो, पण ओला आणि जड. समुद्रावरून येणारी हवा, तापमान शून्याच्या आसपास, त्यामुळे ताज्या बर्फातही पाण्याचं प्रमाण साधारण १२ टक्के, युटामध्ये तेच ८-९ टक्के असतं. ऐकायला फरक छोटा वाटतो, पायाला मोठा लागतो. कॅस्केड काँक्रीट आणि सिएरा सिमेंट ही नावं उगाच पडलेली नाहीत. आणि बर्फ किती तर माउंट बेकर स्की एरियात १९९८-९९ च्या सीझनला १,१४० इंच पडला, म्हणजे जवळजवळ २९ मीटर, तो आजही एका सीझनचा जागतिक विक्रम आहे.

जड बर्फात दोन गोष्टी लागतात. रुंदी थोडी जास्त, ९४ ते १००, आणि टीपला चांगला रॉकर म्हणजे ती खाली घुसत नाही. फार हलकी स्की मात्र नको, आणि ही गोष्ट बरेच जण विसरतात. सकाळी साडेनऊपर्यंत लोकांनी पावडर उकरली की जे ओले ढिगारे राहतात, ज्याला क्रड म्हणतात, त्यात हलकी स्की इकडे तिकडे फेकली जाते आणि तुम्ही दिवसभर तिच्याशी भांडत बसता. थोडं वजन असलेली स्की ते ढिगारे कापत जाते. क्रिस्टल माउंटन किंवा स्टीव्हन्स पासला नियमित जाणाऱ्या इंटरमीजिएट-प्लस माणसाला मी ९४-९६ सांगते. स्नोक्वाल्मीला मुलांच्या क्लासच्या वेळात संध्याकाळी लाइटखाली चार रन मारणाऱ्याला ८८ पुरे, कारण रात्री तो सगळा ओला बर्फ गोठून टणक होतो.

बे एरियावाले जातात त्या सिएरामधल्या टाहोला अजून एक गोष्ट, तिकडे ऊन भरपूर. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी कडक, अकरा वाजता वरचा थर मस्त मऊ दाणेदार कॉर्न, आणि दोन वाजता नुसता लगदा. तिथे ९० ते ९६ मध्येच राहा.

डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी?

कोलोराडोत बर्फ कोरडा, थंडी जास्त, समुद्र हजार मैल लांब. नवीन बर्फ नसला तरी ग्रूम केलेले रन घट्ट आणि छान धरणारे असतात, ईस्टसारखी काच क्वचित. ब्रेकेनरिज, कॉपर, विंटर पार्क अशा ठिकाणी ९० ते ९८ मधलं काहीही चालतं आणि इथे हलकी स्की पण चालते कारण क्रडसुद्धा हलकं असतं. कॉपर आणि विंटर पार्क-मेरी जेनला मोगल्स आवडणारे असाल तर ९० च्या आसपास आणि टेल जरा नरम असलेली बघा, कडक टेल मोगलमध्ये तुम्हाला मागे ढकलते.

युटात लिटल कॉटनवुड कॅन्यन, म्हणजे अल्टा आणि स्नोबर्ड, ही जागाच वेगळी. अल्टाला वर्षाला सरासरी ५०० इंचांहून जास्त बर्फ पडतो आणि तोही हलका. तिथे राहणाऱ्याने ९८ ते १०४ घेतली तर मी अडवणार नाही. पार्क सिटीला जाणाऱ्यांनी मात्र ९२-९६.

म्युनिक, झुरिकवाल्यांना?

७८ ते ८८. आल्प्समध्ये तुम्ही जवळजवळ पूर्ण दिवस पिस्टवर, म्हणजे आखून ग्रूम केलेल्या रनवर असता, रन लांबच लांब, सकाळी कडक, आणि पिस्टच्या बाहेर गेलं की ती तुमची जबाबदारी, तिकडे स्की पॅट्रोल, म्हणजे डोंगरावरचं सुरक्षा पथक, सगळीकडे हिमस्खलनाचा बंदोबस्त करून ठेवत नाही. बीकन (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि जाणकार माणूस सोबत असल्याशिवाय जायचं नाही. मग रुंद स्की घेऊन काय करणार? आणि वर्षातून एखादा आठवडाच जात असाल तर तिकडे रेंटल इतकं चांगलं मिळतं की विकत घ्यायची घाईच नको.

आम्ही पुण्याहून गुलमर्गला जाणार आहोत. तिथे काय?

पहिलं म्हणजे तुम्ही शिकायला जाताय की ऑफ-पिस्टला, ते ठरवा. शिकायला जात असाल तर खालच्या सौम्य उतारांवर राहाल, तिथे जी छोटी रेंटल मिळते ती चालते, आणि पैसे स्कीवर घालण्यापेक्षा इन्स्ट्रक्टरवर घाला. गुलमर्गच्या सरकारी इन्स्टिट्यूटचे स्किइंगचे कोर्स असतात त्यात उपकरणंही मिळतात, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला तो रस्ता चांगला. औलीला पण तसंच, उतार मोकळे आणि शिकायला सोयीचे, पण बर्फाचा भरवसा दर वर्षी सारखा नसतो त्यामुळे निघायच्या आधी विचारून घ्या.

गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगरावर जाणाऱ्यांची गोष्ट पूर्ण वेगळी. तो टप्पा जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेतो आणि वर ग्रूम केलेले रन नाहीत, सरळ वाटीसारखे मोकळे उतार. जगभरचे लोक तिथे पावडरसाठी येतात ते यासाठीच. तिथे १०० ते ११० रुंदीची, टीपला भरपूर रॉकर असलेली स्की लागते आणि ती स्वतःची आणलेली किंवा आधी ठरवून ठेवलेली बरी. आणि वर आल्प्सला जे लिहिलं तेच इथेही, किंबहुना जास्तच: हिमस्खलनाचा धोका खरा आहे, गाइड घ्या, स्की पॅट्रोलचा सकाळचा रिपोर्ट वाचा, बंद म्हटलं की बंद.

रॉकर आणि कॅम्बर काय प्रकार आहे?

स्की सपाट टेबलावर ठेवा. मधला भाग वर उचललेला आणि टोकं टेकलेली दिसली तर तो कॅम्बर. तुम्ही उभे राहिलात की तो दाबला जातो आणि तुमचं वजन एजभर पसरतं, म्हणून ग्रिप आणि वळणातून बाहेर पडताना तो उसळीसारखा धक्का. टोक आधीपासूनच वर वळायला लागलेलं असेल तर तो रॉकर. त्याने मऊ बर्फात टीप वर राहते आणि वळण सुरू करणं सोपं जातं, पण कडक बर्फावर एजचा तेवढा भाग हवेत राहतो.

रॉकर आला तो पावडरमधून. शेन मॅकॉन्की या स्कीपटूने वॉटर-स्कीकडे बघून विचार केला की बर्फात तरंगायचं तर आकार उलटा का नको, आणि २००२ मध्ये वोलांट कंपनीची स्पॅच्युला आली, पूर्ण उलट्या कॅम्बरची. तेव्हा ती विचित्र वाटली, आज जवळजवळ प्रत्येक ऑल-माउंटन स्कीच्या टीपमध्ये तिचा अंश आहे. त्याच्या आधी १९९३ मध्ये एलानची एससीएक्स आली होती, कंबर बारीक आणि टोकं रुंद, जिच्यामुळे सामान्य माणसाला कार्व्हिंग जमायला लागलं. आत्ताची ऑल-माउंटन स्की या दोन कल्पनांची मिळून झालेली आहे: पायाखाली कॅम्बर, टीपला रॉकर, टेलला थोडासा.

तुमच्यासाठी एवढंच बघा: ईस्ट आणि आल्प्सला टीपचा रॉकर कमी आणि टेल जवळजवळ सपाट. अमेरिकेच्या पश्चिमेकडे टीपचा रॉकर जास्त. टेललाही भरपूर रॉकर असेल तर स्की सहज घसरवता येते, झाडांमध्ये मजा येते, पण वेगात कार्व्ह करताना मागून पकड सुटल्यासारखी वाटते.

टायटनल म्हणजे टायटॅनियम का? हवं का?

टायटॅनियम नाही, ते ॲल्युमिनियमचं मिश्रधातू आहे. स्कीच्या नावात टीआय दिसलं की आत त्याचे पत्रे आहेत असं समजा. ते थरथर कमी करतं, स्कीला पिळू देत नाही, आणि वेगात स्की शांत राहते. बदल्यात वजन आणि कडकपणा.

आता हा मुद्दा मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. स्कीला वाकवावं लागतं तेव्हा ती वळते, आणि वाकवतं तुमचं वजन गुणिले वेग. मासिकांचे, यूट्यूबचे टेस्टर बरेचदा ८०-९० किलोचे, लहानपणापासून रेस केलेले लोक असतात. त्यांना दोन पत्र्यांची स्की ‘खेळकर’ वाटते. आपल्यातला ६२ किलोचा माणूस, पंचविशीनंतर स्किइंग शिकलेला, वेग मध्यम, तो तीच स्की घेतो आणि ती वाकतच नाही, सरळ रेल्वेसारखी जाते, मग तो मागे बसायला लागतो, मांड्या भरून येतात, आणि त्याला वाटतं आपलंच तंत्र वाईट आहे. तंत्र तेवढं वाईट नसतं. स्की त्याच्यासाठी बनलेली नसते.

म्हणून ६५ किलोच्या आत असाल आणि एक्स्पर्ट नसाल तर पूर्ण मेटलच्या स्कीपासून लांब राहा. मेटल नसलेल्या, किंवा फक्त पायाखाली छोटा पत्रा असलेल्या, किंवा कार्बन-बसाल्टवाल्या बघा. ७५ च्या वर वजन आणि वेग आवडत असेल तर मेटल जरूर घ्या, तुम्हाला त्याचा फायदा कळेल. मधल्या लोकांनी दोन्ही डेमो करून बघाव्यात, दुसरा रस्ता नाही.

नावं सांगा ना, मॉडेल!

सांगते, पण दर दोन-तीन वर्षांनी ही बदलतात त्यामुळे स्वभाव लक्षात ठेवा.

वजनदार, मेटलच्या, वेग मागणाऱ्या: नॉर्डिका एन्फोर्सर ९४, फोल्कल मँट्रा जी ९६ ची आहे, ब्लिझार्डची ब्राह्मा ८८ आणि बोनाफाइड ९७, ज्यांची जागा आता अनोमली मालिकेने घेतलीय. के-टूच्या माइंडबेंडरमध्ये टीआयवाल्या याच गटात. यातल्या एन्फोर्सरची टीप जरा माफ करणारी आहे, मँट्रा तेवढी माफ करत नाही.

मधल्या आणि सोप्या: सालोमन क्यूएसटी ९२ आणि ९८. क्यूएसटी ९८ मला आमच्या इकडच्या ओल्या बर्फासाठी फार आवडते, पूर्ण पत्रे नाहीत तरी क्रडमध्ये घाबरवत नाही. एलान रिपस्टिक हलकी आहे, तिच्यात डावी-उजवी वेगळी असते, आतली एज कॅम्बरची आणि बाहेरची रॉकरची, त्यामुळे कमी वजनातही ग्रिप बऱ्यापैकी मिळते, फक्त डावी डाव्याच पायात घाला. ॲटॉमिक बेंट १०० खेळकर, हलकी, उड्या मारणाऱ्यांची, मऊ बर्फात छान, आइसवर नको.

ग्रूम रनसाठी: रोसिन्योल एक्सपिरियन्समधल्या ८२ आणि ८६ बसाल्ट. ईस्ट कोस्टच्या इंटरमीजिएट माणसाला मी बहुतेक वेळा हीच पहिली सुचवते.

बायकांच्या स्की खरंच वेगळ्या असतात का नुसता रंग?

दोन्ही प्रकार आहेत. काही मॉडेल पुरुषांच्या स्कीवर वेगळं चित्र एवढंच. काहींमध्ये कोअर हलका, पत्रे पातळ, बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या भागाची जागा थोडी पुढे. ब्लिझार्ड ब्लॅक पर्ल ८८ आणि सालोमन क्यूएसटी लक्स ९२ अशा अगदी विचारपूर्वक केलेल्या आहेत. मला वाटतं लेबलकडे दुर्लक्ष करावं. ५५ किलोच्या मुलाला ब्लॅक पर्ल सुंदर चालेल आणि ७५ किलोची दणक्यात स्किइंग करणारी बाई मँट्रा घेऊ शकते. दुकानदार तुमच्याकडे बघून सरळ बायकांच्या भिंतीकडे नेत असेल तर थांबवा, वजन सांगा, वेग सांगा, कुठे जाता ते सांगा, आणि मग दाखवायला सांगा.

लांबी किती?

जुना नियम हनुवटी ते डोक्याच्या वरपर्यंत. शिकणाऱ्याला हनुवटी-नाक, इंटरमीजिएटला नाक-कपाळ, जोरात जाणाऱ्याला डोक्याएवढी किंवा थोडी वर. पण उंचीइतकंच वजन बघा. १७२ सेंटिमीटर उंच आणि ६२ किलो असाल तर १७० च्या आसपास, तीच उंची आणि ८२ किलो असाल तर १७७ पर्यंत जा. रॉकर जास्त असेल तर बर्फाला टेकणारी एज कमी असते म्हणून ३-५ सेंटिमीटर लांब घेतली तरी जड वाटत नाही. दोन साइझच्या मध्ये अडकलात तर: झाडं, मोगल्स, हळू वेग असेल तर छोटी, मोकळे उतार आणि वेग असेल तर मोठी.

टर्न रेडियस बघायचा का?

थोडा. स्की एजवर टाकली की साधारण किती मोठ्या वर्तुळात वळते ते तो सांगतो. १४-१६ मीटरवाली छोट्या वळणांची, १७-१९ मधली, २० च्या वर लांब वळणं आणि वेग. तो लांबीप्रमाणे बदलतो त्यामुळे तुमच्या साइझचा आकडा बघा.

मी दुसऱ्याच सीझनला आहे, स्की घेऊन टाकू का?

बूट घ्या. खरंच, आधी बूट घ्या. तुमचा पाय जे सांगतो ते स्कीला बूट पोचवतो, आणि रेंटलचे बूट हजार पायांनी सैल केलेले असतात. बूट-फिटर असलेल्या दुकानात जा, तो पायाची लांबी मोजेल, साइझ सेंटिमीटरमध्ये असतो, म्हणजे २६.५ सेंटिमीटरचा पाय तर २६.५. मग पंजाची रुंदी, पोटरी, कमान बघेल. दुकानात बूट घट्ट वाटायला हवा, बोटं उभं राहिल्यावर समोर हलकी टेकतात आणि गुडघे वाकवले की मागे सरकतात, एवढं घट्ट. आपल्याकडे बऱ्याच जणांचे पाय पुढून रुंद असतात, म्हणून १०० ते १०२ मिलिमीटरच्या लास्टचे (लास्ट म्हणजे बुटाची पंजापाशी आतली रुंदी) बूट आधी घालून बघा, पण मोठा साइझ घेऊन रुंदी मिळवू नका, मग टाच उचलते आणि सगळं स्टिअरिंगच जातं.

स्की सीझनभर रेंटने घ्या, बरीच लोकल दुकानं सीझन रेंटल देतात. समांतर वळणं निळ्या, म्हणजे मध्यम अवघड रनवर निवांत जमायला लागली की मग विकत घ्या, आणि तेव्हा ‘बिगिनर’ लिहिलेली घेऊ नका, ती एका सीझनमध्ये छोटी पडते. ८४-९० ची, नरम, मेटल नसलेली घ्या.

बाइंडिंग वेगळं घ्यावं लागतं?

बऱ्याच ऑल-माउंटन स्की बाइंडिंगशिवाय विकतात, त्यामुळे किंमत बघताना ते वेगळं धरा. ब्रेकची रुंदी स्कीच्या वेस्टएवढी किंवा १० मिलिमीटरच्या आसपास जास्त. तुमच्या बुटाचा सोल ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोपा असा थोडा वळलेला असेल तर बाइंडिंग ग्रिपवॉक चालणारं हवं, जुन्या बाइंडिंगमध्ये तो बूट बसल्यासारखा वाटतो पण सुटायच्या वेळी नीट सुटेलच असं नाही.

आणि डीआयएन सेटिंग, म्हणजे पडताना बाइंडिंग किती जोराला बूट सोडेल तो आकडा, घरी स्क्रूड्रायव्हरने करू नका. ते वजन, उंची, वय, बुटाच्या सोलची लांबी आणि तुम्ही कसं स्की करता यावरून तक्त्यात बघून ठरतं, आणि दुकानात मशीनवर तपासतात. फॉर्मवर स्वतःला उगाच वरच्या प्रकारात टाकू नका. सेटिंग जास्त झालं तर पडताना स्की सुटत नाही आणि मग गुडघ्याचं लिगामेंट जातं. मित्राची स्की एका दिवसासाठी घेतली तरी आधी हे करून घ्या.

कधी घ्यायची, किती पैसे, सेकंडहँड चालेल?

अमेरिकेत नवीन चांगली स्की साधारण ५०० ते ९०० डॉलर, बाइंडिंग अजून २०० ते ३५०. मार्च-एप्रिलमध्ये भाव बऱ्यापैकी पडतात. कंपन्या एकच स्की दोन-तीन वर्षं तशीच ठेवून वरचं चित्र बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीचं मॉडेल घेण्यात काही गमावत नाही. डेमो मात्र नक्की करा, ज्या डोंगरावर जाता तिथेच करा, आणि शक्यतो सकाळी एक, दुपारी एक, कारण सकाळी आवडलेली दुपारच्या क्रडमध्ये नकोशी होऊ शकते. बरीच दुकानं नंतर खरेदी केली तर डेमोचे पैसे वळते करतात, आधी विचारून घ्या.

सेकंडहँडमध्ये एज बघा, गंजलेली थोडी चालते पण तुटलेली किंवा बाहेर आलेली नको. स्की उलटी करून बेस, म्हणजे खालची बाजू, खोलवर कापलेला आहे का ते बघा. बाइंडिंग जुनं असेल तर दुकानदाराला मॉडेल दाखवा, कंपनीने ज्याचा पाठिंबा बंद केलाय ते बाइंडिंग दुकानं सेट करून देत नाहीत, मग स्वस्त स्की स्वस्त राहत नाही.

दोन जोड्या ठेवाव्यात का?

सीझनला वीस-पंचवीस दिवस जात असाल तर हो, आणि मग पहिली ८५-८८ आणि दुसरी १०४-१०६ अशी लांब लांब घ्या. ९४ आणि १०० अशा दोन जवळजवळच्या घेऊन काही होत नाही. त्यापेक्षा कमी जात असाल तर एकच ठेवा आणि उरलेल्या पैशात दोन प्रायव्हेट लेसन घ्या.

मुलांना?

ज्युनियर लीज, म्हणजे मुलांची स्की सीझनभर भाड्याने. छाती ते हनुवटी लांबी, अरुंद, नरम. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून लांब घेऊ नका, मुलांना वळता येत नाही आणि ती रडून किंवा घाबरून खेळच सोडतात.

ट्यूनिंग किती वेळा, आणि उन्हाळ्यात काय करायचं?

ईस्टला एज दर तीन-चार दिवसांनी हलक्या हाताने घासा, पश्चिमेकडे एवढी गरज नाही. साइडची एज दुकानं साधारण २ अंशाला ठेवतात, ईस्टच्या बर्फाला ३ मागून घ्या, बेसची १ राहू द्या. वॅक्स, बेस पांढरट कोरडा दिसला की. स्प्रिंगला ओल्या बर्फात स्की अचानक चिकटल्यासारखी थांबते तेव्हा गरम तापमानाचं वॅक्स लावा, फरक लगेच कळतो. फ्लोरोवालं जुनं वॅक्स कुणी देऊ केलं तर नको म्हणा, ते वर्षानुवर्षं निसर्गात टिकून राहतं, आणि एफआयएस या आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ पासून रेसमध्येही ते बंद केलंय.

संध्याकाळी घरी आलात की स्की गाडीच्या रॅकवर ओली ठेवू नका, रस्त्यावरचं मीठ एजला एका रात्रीत गंज आणतं. कापडाने पुसा आणि घरात उभी ठेवा. सीझन संपला की एज घासून घ्या, जाड वॅक्सचा थर लावा आणि तो खरवडू नका, एजवरही येऊ द्या, आणि गरम गराज सोडून घरातल्या एखाद्या कपाटात ठेवा. दोन्ही स्की पट्ट्याने घट्ट आवळून ठेवू नका, सैल ठेवा. नोव्हेंबरमध्ये बाहेर काढलीत की वॅक्स खरवडा, आणि बाइंडिंग दुकानात तपासून घ्या, वजन मागच्या वर्षीइतकंच असलं तरी.